झिको इतका लाडका का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झिकोविषयी विचारणाऱ्यांचे साधारण दोन गट दिसतात. एक गट आता पन्नाशी ओलांडलेला आहे. त्यांनी १९८६ च्या विश्वचषकात दूरदर्शनवर झिकोला पेनल्टी चुकवताना पाहिलं आणि ते अजून विसरलेले नाहीत. दुसरा गट तरुण, बहुतेक गोवा आणि तळकोकणातला. त्यांना झिको ठाऊक आहे तो मडगावातल्या फातोर्ड्याच्या मैदानाच्या कडेला उभा राहणारा पिकल्या केसांचा कोच म्हणून. दोन्ही गटांकडून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. कुठलाही प्रश्न आधी वाचला तरी चालेल. एकाचा धागा दुसरीकडे जातो तिथे तसं सांगितलं आहे.

१. झिको म्हणजे नेमका कोण? अगदी थोडक्यात सांगा.

ब्राझीलचा निवृत्त फुटबॉलपटू आणि नंतरचा प्रशिक्षक. जन्म ३ मार्च १९५३, रिओ द जानेरोच्या किन्तिनो या उपनगरात. जागा अटॅकिंग मिडफिल्डरची, पाठीवर १० नंबर. रिओच्या फ्लामेंगो क्लबकडून ५०० हून अधिक गोल. ब्राझीलकडून १९७८, १९८२ आणि १९८६ अशा तीन विश्वचषकांत खेळला. मध्ये दोन वर्षं इटलीत उदिनेसेकडे. कारकिर्दीचा शेवट जपानमध्ये, काशिमा अँटलर्सकडून. प्रशिक्षक म्हणून जपानचा राष्ट्रीय संघ, तुर्कस्तानातला फेनर्बाचे, इराकचा राष्ट्रीय संघ आणि २०१४ ते २०१६ असे तीन मोसम इंडियन सुपर लीगमधला एफसी गोवा. यादी याहून मोठी आहे, ती प्रश्न १२ मध्ये.

२. त्याचं खरं नाव काय? आणि ‘झिको’चा उच्चार कसा करायचा?

खरं नाव आर्थर आन्तुनेस कोइंब्रा. घरातलं शेंडेफळ, म्हणून आर्थरचं ‘आर्थरझिन्यो’ झालं, म्हणजे छोटा आर्थर. त्याचं पुढे ‘आर्थरझिको’ आणि शेवटी नुसतं ‘झिको’. हे लाडाचं नाव एका चुलत बहिणीने पाडलं असं घरचे सांगतात. वडील मूळचे पोर्तुगालचे, धंद्याने शिंपी. उच्चारात ‘झ’ आपल्या ‘झाड’मधला घ्यायचा, ‘झिम्मा’मधला नाही. शेवटचा ‘ओ’ पोर्तुगीजमध्ये ‘उ’कडे झुकतो, त्यामुळे ब्राझीलचा माणूस ‘झीकु’ म्हणताना ऐकू येईल. आपण ‘झिको’ म्हणतो ते ठीकच आहे.

त्याचं दुसरं टोपणनाव ‘किन्तिनोचा छोटा कोंबडा’. अंगाने किरकोळ, चाल ऐटीची, त्यावरून एका रेडिओ समालोचकाने ते दिलं आणि ते चिकटलं.

३. दक्षिण अमेरिकेतले कितीतरी मोठे खेळाडू पुढे कोच झाले. मग झिकोची एवढी चर्चा का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते उत्तर चषकांच्या कपाटात सापडत नाही. चषक मोजायला बसलात तर झिकोपेक्षा जास्त जिंकलेले कोच सहज सापडतील. झिकोचं वेगळेपण असं की तो जिथे गेला तिथे मुक्कामाला आल्यासारखा राहिला. मोठ्या नावाचा खेळाडू उतारवयात लहान क्लबकडे जातो तेव्हा बहुधा पाहुणा म्हणून जातो. सत्कार होतो, पैसे मिळतात, दोन वर्षांनी विमान पकडायचं. झिकोने काशिमासारख्या पोलाद कारखान्याच्या गावी घरचं कार्य असल्यासारखं काम केलं. चेंडू कसा थांबवायचा इथपासून क्लब कसा चालवायचा इथपर्यंत.

लोकांना हे कळतं. आपल्याकडे लग्नाला आलेला पाहुणा पंगतीत वाढायला उभा राहिला की तो कायमचा घरचा होतो, तसंच. उदिने, काशिमा, मडगाव ही काही महानगरं नव्हेत. तिथे त्याच्यावर जीव लावला गेला तो याच कारणाने. प्रश्न ८, ९ आणि १४ मध्ये तिन्ही गावांची गोष्ट वेगवेगळी आहे.

४. पण तो विश्वचषक कधीच जिंकला नाही ना? मग महान कसा म्हणायचं?

नाही जिंकला. आणि १९८२ चा तो ब्राझीलचा संघ पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न विचारलात तर तो आधी थोडा वेळ गप्प बसेल.

त्या संघाचे प्रशिक्षक टेले सांताना. मधल्या फळीत झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो. स्पेनमधल्या त्या स्पर्धेत झिकोने चार गोल केले. स्कॉटलंडविरुद्ध फ्री किकवर एक, न्यूझीलंडविरुद्ध दोन आणि अर्जेंटिनाविरुद्ध एक. ५ जुलै १९८२ ला बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीविरुद्ध उपांत्य फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती. पाओलो रॉसीने हॅटट्रिक केली आणि ब्राझील ३-२ ने हरला. इटलीच्या जेंतिलेने झिकोला इतकं जखडून ठेवलं होतं की ओढाताणीत त्याचा शर्ट फाटला. तो फाटका शर्ट पंचाला दाखवणाऱ्या झिकोचा फोटो अनेकांनी पाहिला असेल.

त्याआधी १९७८ मध्ये स्वीडनविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना शेवटच्या क्षणी कॉर्नर आला, झिकोने हेडर मारून चेंडू जाळ्यात घातला. पण चेंडू हवेत असतानाच वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिट्टी वाजवली होती. गोल नाही.

महानता विश्वचषकावरच ठरवायची असेल तर नेदरलँड्सचा योहान क्रायफ आणि हंगेरीचा पुश्काश यांनाही वगळावं लागेल. तसं कोणी करत नाही, मग झिकोलाच का?

५. ब्राझीलमध्ये त्याची लोकप्रियता खरंच एवढी आहे, की ती फक्त फ्लामेंगोच्या चाहत्यांपुरती?

मुळात फ्लामेंगो हाच ब्राझीलमधला सर्वाधिक चाहते असलेला क्लब. त्यामुळे ‘फ्लामेंगोपुरती’ म्हटलं तरी ती कोट्यवधी माणसं झाली. १९६७ मध्ये एका रेडिओ पत्रकाराने या पोराला क्लबमध्ये नेलं तेव्हा तो इतका हडकुळा होता की पुढची काही वर्षं खास आहार आणि व्यायाम देऊन त्याचं शरीर घडवावं लागलं. हाताशी घडवलेला मुलगा म्हणून क्लबला त्याचा वेगळा अभिमान आहे.

१९८१ हे त्या अभिमानाचं शिखर. दक्षिण अमेरिकेतली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, कोपा लिबेर्तादोरेस, तिच्या अंतिम फेरीत फ्लामेंगोसमोर चिलीचा कोब्रेलोआ होता. दोन सामन्यांत निकाल लागला नाही, तिसरा माँटेव्हिडिओला झाला. त्या तीन सामन्यांत फ्लामेंगोचे चारही गोल झिकोचे. मग १३ डिसेंबरला टोकियोत युरोपविजेत्या लिव्हरपूलला ३-० ने हरवलं. गोल नुनेसचे दोन आणि अदिलिओचा एक, पण तिन्हींची मांडामांड झिकोची आणि सामनावीरही तोच. क्लबचे चाहते आजही ३ मार्चला, त्याच्या वाढदिवशी, एकमेकांना ‘नाताळच्या शुभेच्छा’ देतात. क्लबच्या रंगांवरून, लाल-काळा नाताळ.

रिओतल्याच वास्को किंवा फ्लुमिनेन्से या क्लबांच्या चाहत्याकडून एवढं प्रेम मिळणार नाही हे उघड आहे. आदर मात्र मिळतो.

६. आकड्यांत गोंधळ आहे. राष्ट्रीय विजेतेपदं तीन की चार? देशासाठी गोल ४८ की ६६?

दोन्हीकडे मोजणाऱ्यावर अवलंबून.

ब्राझीलची राष्ट्रीय विजेतेपदं १९८०, १९८२ आणि १९८३ ही निर्विवाद. वाद १९८७ चा. त्या वर्षी मोठ्या क्लबांनी वेगळी स्पर्धा भरवली, ती फ्लामेंगोने जिंकली. पण महासंघाने ठरवलेल्या पुढच्या लढतीत उतरायला फ्लामेंगोने नकार दिला आणि अधिकृत विजेता स्पोर्ट रेसिफे ठरला. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथेही निकाल स्पोर्टच्याच बाजूने लागला. फ्लामेंगोचा चाहता तरीही चारच मोजतो, त्याच्याशी वाद घालू नका.

गोलांचं तसंच. राष्ट्रीय संघांविरुद्धचे अधिकृत सामने धरले तर ७१ सामन्यांत ४८ गोल. क्लब आणि निवड संघांविरुद्धचे सामनेही धरले की आकडा ६६ वर जातो. दुसऱ्या खेळाडूशी तुलना करायची असेल तर ४८ धरा.

७. १९८६ ची ती चुकलेली पेनल्टी लोकांनी माफ केली का?

माझ्या वडिलांनी केली नाही. ब्राझीलने केली असं म्हणता येईल, आणि त्याचं कारण समजून घेतलं पाहिजे.

ऑगस्ट १९८५ मध्ये रिओतल्या एका लीग सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या भयंकर टॅकलमुळे झिकोचा गुडघा जायबंदी झाला. विश्वचषकाला तो अर्धवट बऱ्या झालेल्या गुडघ्यावर गेला. २१ जून १९८६, ग्वादालाहारा, समोर फ्रान्स, १-१ बरोबरी. झिको दुसऱ्या डावात बदली म्हणून आला आणि आल्या आल्या त्याच्या पासमधून ब्राझीलला पेनल्टी मिळाली. पायाला अजून घाम फुटलेला नाही, अशा अवस्थेत ती त्यानेच घेतली. फ्रान्सचा गोलकीपर बात्स याने अडवली.

पुढची गोष्ट लोक विसरतात. सामना पेनल्टी शूटआऊटवर गेला तेव्हा झिको पुन्हा पुढे आला आणि त्याने गोल केला. चुकले सॉक्रेटिस आणि जुलिओ सेझार. चुकवलेल्या पेनल्टीनंतर तासाभरात त्याच जागी चालत जाणं ही मला त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत धीराची गोष्ट वाटते.

८. ‘झिको किंवा ऑस्ट्रिया’ ही घोषणा काय होती?

१९८३ मध्ये इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या उदिनेसे या छोट्या क्लबने झिकोला विकत घेतलं. पैशाच्या व्यवहारावर शंका काढून इटलीच्या फुटबॉल महासंघाने करार अडवला. उदिनेचे लोक रस्त्यावर उतरले. हा भाग १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता, तेव्हा लोकांनी घोषणा दिली, ‘झिको द्या, नाहीतर आम्ही चाललो ऑस्ट्रियात.’ अखेर वरून बंदी उठली.

पहिल्या मोसमात झिकोने २४ लीग सामन्यांत १९ गोल केले. त्या वर्षी इटलीत सर्वाधिक गोल प्लातिनीचे, २०, तेही जास्त सामने खेळून. उदिनेसेने काहीच जिंकलं नाही आणि दोन मोसमांनी झिको रिओला परतला. एवढ्या तुटपुंज्या काळाची ओळख, पण तिथली म्हातारी माणसं आजही त्याचं नाव घरातल्यासारखं घेतात.

९. जपानमध्ये त्याला ‘फुटबॉलचा देव’ का म्हणतात? अतिशयोक्ती नाही का?

जपानी वर्तमानपत्रं खरंच हाच शब्द वापरतात, आणि काशिमाला तो अतिशयोक्ती वाटत नाही.

१९९१ चं चित्र डोळ्यांसमोर आणा. काशिमा हे टोकियोपासून दूर, समुद्राकाठचं पोलादाचं गाव. तिथल्या सुमितोमो मेटल्स कंपनीचा संघ दुसऱ्या श्रेणीत खेळतो. खेळाडू म्हणजे कंपनीचे नोकरदार. देशात व्यावसायिक लीग सुरू होणार असल्याची बातमी आहे, पण या संघाला प्रवेश मिळण्याची शक्यता जवळपास शून्य. लीगचे प्रमुख साबुरो कावाबुची यांनी सांगितलं होतं की ९९.९९९९ टक्के नाही. उरलेल्या अंशासाठी अट अशी की १५,००० प्रेक्षकांचं छप्पर असलेलं, फक्त फुटबॉलसाठीचं मैदान बांधा. गावाने आणि प्रांताने ते बांधायचं ठरवलं. आणि अशा संघात ३८ वर्षांचा, निरोपाचा सामना खेळून बसलेला झिको येऊन दाखल झाला.

दुसऱ्या श्रेणीत त्याने सर्वाधिक गोल केले, पण ती बाजूची गोष्ट. त्याने सरावाला वेळेवर येणं, पराभवाचा राग येणं, चेंडू नीट देणं, क्लबच्या नावाला जपणं हे सगळं रुजवलं. १६ मे १९९३ ला नव्या लीगमधल्या पहिल्याच सामन्यात काशिमाने नागोया ग्रॅम्पसला ५-० ने हरवलं. समोर इंग्लंडचा गॅरी लिनेकर होता. चाळीस वर्षांच्या झिकोने हॅटट्रिक केली, त्या लीगच्या इतिहासातली पहिली. ज्यांना लीगमध्ये घ्यायचंच नव्हतं त्यांनी मोसमाचा पहिला टप्पा जिंकला.

१९९४ मध्ये तो खेळातून निवृत्त झाला, पण क्लबशी नातं राहिलं. काशिमाने १९९६ ते २००९ या काळात सात वेळा आणि २०१६ मध्ये आठव्यांदा लीग जिंकली. २०१६ च्या क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रिअल माद्रिदला जादा वेळेपर्यंत झुंजवलं. २०१८ मध्ये झिको तांत्रिक संचालक म्हणून परतला, त्याच वर्षी काशिमा पहिल्यांदा आशियाई विजेता झाला. निष्ठा, प्रामाणिकपणा, आदर या तीन शब्दांना क्लबमध्ये ‘झिकोचा बाणा’ म्हणतात. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे.

काशिमात एक पुरातन शिंतो मंदिर आहे आणि तिथे हरणं पाळतात. काशिमा या नावाच्या अक्षरांचा अर्थच हरणांचं बेट. अँटलर्स म्हणजे त्या हरणांची शिंगं. जिथे हजारएक वर्षांचा देव आधीच आहे त्या गावाने दुसऱ्या कुणाला देव म्हटलं, हे मला फार मोठं वाटतं.

१०. ‘आदर’ शिकवणारा झिको चेंडूवर थुंकला होता ना?

होय. जानेवारी १९९४, लीगच्या अंतिम लढतीचा दुसरा सामना, समोर व्हर्डी कावासाकी. व्हर्डीला पेनल्टी दिली ती झिकोला साफ अन्यायाची वाटली. काझुयोशी मिउराने चेंडू जागेवर ठेवला, झिको चालत गेला आणि चेंडूवर थुंकला. दुसरं पिवळं कार्ड, मैदानाबाहेर. काशिमा विजेतेपद हरला.

ते चूक होतं. त्याच्या बाजूने एवढंच सांगता येतं की काशिमाच्या लोकांनी त्यात तुच्छता पाहिली नाही. आपल्या गावासाठी चाळिशीतला माणूस इतका पेटतो हे त्यांना दिसलं.

११. जपानचा कोच म्हणून तो यशस्वी की अपयशी?

दोन्ही बाजूंचे पुरावे भक्कम आहेत.

२००२ मध्ये नेमणूक झाली. आधीचे फ्रेंच कोच त्रुसिए शिस्तीचे आणि ठरावीक साच्याचे. झिकोने खेळाडूंना मोकळीक दिली, मैदानात तुम्हीच विचार करा म्हणाला. सुरुवातीला संघ अडखळला. फेब्रुवारी २००४ मध्ये ओमानविरुद्ध शेवटच्या क्षणी कसाबसा विजय मिळाला, तेव्हा चाहत्यांनी त्याच्या राजीनाम्यासाठी मोर्चा काढला. त्याच वर्षी चीनमध्ये, प्रेक्षक सतत हुर्यो उडवत असताना, जपानने आशियाई चषक जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत जॉर्डनविरुद्ध शूटआऊटमध्ये जपानचे पहिले दोन्ही फटके वाया गेले होते. कर्णधार मियामोतोने जमीन निसरडी आहे असं पंचांना पटवून गोलपोस्टच बदलून घेतला. गोलकीपर कावागुचीने मग सामना खेचून आणला. मोकळीक दिलेले खेळाडू स्वतः विचार करतात, ते असे.

जून २००५ मध्ये पात्रता फेरी खेळून २००६ चा विश्वचषक गाठणारा जपान हा पहिला देश ठरला. पण २००६ मध्ये जर्मनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध आघाडीवर असताना शेवटच्या मिनिटांत तीन गोल खाल्ले, क्रोएशियाशी बरोबरी झाली आणि ब्राझीलने ४-१ ने हरवलं. गटातच गाशा गुंडाळावा लागला. त्याच्या मोकळिकीवर त्या वेळी झालेली टीका मला निम्मी पटते. दमलेल्या संघाला शेवटची दहा मिनिटं कशी काढायची याचा साचा लागतो, तो त्या दिवशी नव्हता. आश्चर्य एवढंच की या टीकेने काशिमातल्या देवत्वाला धक्का लागला नाही. कोच झिकोचं गणित निराळं, बांधणाऱ्या झिकोचं निराळं, असं लोकांनी मानलं.

१२. आणखी कुठे कुठे कोचिंग केलं?

१९९९ मध्ये काही काळ काशिमा. जपाननंतर २००६ ते २००८ फेनर्बाचे, आणि हाच त्याचा क्लब कोच म्हणून सर्वोत्तम काळ. क्लबच्या शताब्दी वर्षात लीग जिंकली, पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी गाठली, चेल्सीला घरच्या मैदानावर हरवलं. मग उझबेकिस्तानचा बुन्योदकोर, मॉस्कोचा सीएसकेए, ग्रीसचा ऑलिंपियाकोस. इथले मुक्काम छोटे, काही महिन्यांचे. २०११ मध्ये इराक. तिथे घरचे सामने दुसऱ्या देशात खेळायची वेळ होती आणि महासंघाने करार पाळला नाही असं सांगून २०१२ मध्ये त्याने राजीनामा दिला. नंतर कतारचा अल-गराफा, आणि मग गोवा.

१३. फ्लामेंगोचा किंवा ब्राझीलचा कोच तो का झाला नाही?

मुख्य प्रशिक्षक म्हणून दोन्हीकडे कधीच नाही. १९९८ च्या विश्वचषकात तो मुख्य प्रशिक्षक झागालोंबरोबर ब्राझीलचा तांत्रिक समन्वयक होता. २०१० मध्ये फ्लामेंगोचा फुटबॉल संचालक झाला आणि क्लबमधल्या राजकारणाला विटून काही महिन्यांत बाहेर पडला. जिथे आपल्याला देव्हाऱ्यात बसवलंय तिथे दर रविवारी निकालाचा हिशेब द्यायला उभं राहू नये, हे त्याने ओळखलं असावं असं मला वाटतं.

१४. गोव्याने त्याला इतकं पटकन आपलं कसं केलं?

गोव्यात फुटबॉल आधीपासून घराघरांत आहे, तो कुणी नव्याने आणायचा नव्हता. विश्वचषक आला की दक्षिण गोव्यात साष्टीतल्या वाड्यांवर ब्राझील आणि पोर्तुगालचे झेंडे लागतात. जुन्या पिढीतल्या अनेकांना पोर्तुगीज येतं. म्हणजे झिको २०१४ मध्ये मडगावात उतरला तेव्हा त्याच्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलू शकतील अशी म्हातारी माणसं गावात होती. भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात हे जमलं नसतं.

दुसरं म्हणजे त्याने गोव्याच्या पोरांना खेळवलं. पहिल्या मोसमात चमकलेला रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये थेट ब्राझीलच्या अत्लेतिको पारानाएन्सेकडे गेला. मंदार राव देसाई डाव्या बाजूला धावायला लागला तो झिकोच्या काळात, आणि पुढे संघाचा कर्णधार झाला. संघात रॉबर्ट पिरेस, आंद्रे सांतोस, पुढे लुसिओ अशी परदेशी नावं होती. पण फातोर्ड्याच्या गॅलरीतून ‘मंदार, मंदार’ ऐकू यायचं तेव्हाचा आवाज वेगळाच असायचा.

निकालही आले. २०१४ मध्ये उपांत्य फेरी, तिथे कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य आणि शूटआऊटमध्ये हार. २०१५ मध्ये साखळीत पहिला क्रमांक, वाटेत मुंबईवर ७-० असा विजय.

१५. २०१५ च्या इंडियन सुपर लीगच्या फायनलला नेमकं काय झालं?

२० डिसेंबर, रविवार, फातोर्डा, घरचं मैदान. आम्ही सावंतवाडीहून दुपारीच निघालो होतो, नारिंगी शर्ट घालून. चेन्नईयिनने पहिला गोल केला, पाठोपाठ गोव्याच्या हाओकिपने बरोबरी साधली. ८७ व्या मिनिटाला आमच्या जोफ्रेच्या फ्री किकवर २-१. माझ्या शेजारचे एक काका, पूर्ण वेळ चकार शब्द न बोललेले, उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तीन मिनिटांचा प्रश्न होता.

९० व्या मिनिटाला चेंडू आमच्याच गोलकीपरच्या, कट्टीमणीच्या, हाताला लागून आत गेला. भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा मारला. ३-२. काकांचे हात अजून डोक्यावरच होते. एवढ्या माणसांनी भरलेलं मैदान इतकं गप्प होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडीत कुणीतरी म्हणालं, ‘सारियात असंच झालं असणार.’ आकडाही तोच होता, ३-२ (प्रश्न ४).

१६. २०१६ मध्ये गोवा शेवटच्या क्रमांकावर गेला. तरी लोक त्याच्याबद्दल चांगलंच का बोलतात?

आठ संघांत आठवा. सफाई देण्यासारखं काही नाही. त्या मोसमानंतर झिको गेला. गोव्यात टीका झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण टीका करणारा माणूससुद्धा वाक्याची सुरुवात ‘आपला झिको’ अशी करायचा. कारण प्रश्न ३ मध्ये सांगितलं तेच.

१७. मॅराडोना जास्त लोकप्रिय नाही का?

जगभरात, निःसंशय. मॅराडोना २००८ मध्ये कोलकात्यात आला तेव्हाची गर्दी पुन्हा कुणाला जमणं कठीण. त्याच्यावरचं प्रेम वादळासारखं होतं. झिकोवरचं प्रेम विहिरीच्या पाण्यासारखं आहे, गावापुरतं आणि रोजचं. मला दोघेही प्रिय आहेत, त्यामुळे क्रमांक लावायचं काम माझ्याकडे देऊ नका.

१८. मैदानाबाहेर त्याने काही केलं का?

१९९० मध्ये तो ब्राझील सरकारात क्रीडा खात्याचा सचिव होता, वर्षभर. क्लब आणि खेळाडूंविषयीचा १९९३ चा कायदा ब्राझीलमध्ये ‘झिको कायदा’ म्हणून ओळखला जातो. २०१५ मध्ये फिफाच्या अध्यक्षपदासाठी उभं राहायची तयारी केली, पण लागणारे पाच देशांचे पाठिंबे जमले नाहीत. दर वर्षअखेरीला तो रिओत जुन्या-नव्या खेळाडूंचा मदतनिधी सामना भरवतो.

१९. त्याची फ्री किक एवढी खास का होती?

कारण ती जोराची नव्हती. चेंडू समोर उभ्या राहिलेल्या खेळाडूंच्या भिंतीवरून जेमतेम उचलला जायचा आणि गोलपोस्टच्या वरच्या कोपऱ्यात पडायचा. गोलकीपरला उडी मारायलाही वेळ असायचा, पण पोहोचता यायचं नाही. सराव संपल्यावर बाकीचे आंघोळीला गेले की झिको गोलपोस्टच्या वरच्या कोपऱ्यात शर्ट लटकवायचा आणि तो शर्ट हलेपर्यंत मारत राहायचा. एक शर्ट, एक पाय आणि अंधार पडेपर्यंतचा वेळ. गोव्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर हे आज संध्याकाळी करता येईल.

२०. एकच सामना पाहायचा असेल तर कोणता पाहू?

बहुतेक जण १९८२ चा इटलीविरुद्धचा सांगतील. मी १६ मे १९९३ चा सांगेन, काशिमा विरुद्ध नागोया. नवंकोरं मैदान, नुकतेच व्यावसायिक झालेले खेळाडू, आणि त्यांच्यात एक चाळिशीचा माणूस जो चेंडू मिळाला की आधी मान वर करून पाहतो आणि मग पाय हलवतो. दुसऱ्या गोलची फ्री किक भिंतीवरून जाताना पाहा. गोलकीपरकडे पाहू नका, काशिमाच्या बाकावर बसलेल्यांकडे पाहा.